बाकावरचा शेजारी, रात्री पावणेअकराला

माझ्या फोनमध्ये सहा माणसं स्टेशनच्या नावाने सेव्ह आहेत. एमए विरार, एमए नाहूर, एमए घणसोली वगैरे. त्यांच्या फोनमध्ये मी 'एमए डोंबिवली'. आम्ही सगळे दूरशिक्षणाने अर्थशास्त्राचं एमए करतोय, मी नोकरी सांभाळून. यांतल्या दोघांना मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. तरी गेल्या दोन वर्षांत अर्थशास्त्राचं जे काही डोक्यात टिकलं, ते पुस्तकांपेक्षा या सहा जणांमुळे टिकलं, असं मला वाटायचं. हे खरंच तसं आहे की नुसता जिव्हाळा, ते बघायला मी मानसशास्त्रातले जुने-नवे प्रयोग वाचायला घेतले. बरंचसं पटलं. एका बाबतीत मात्र माझी सवय मोडावी लागली.

आधी हिशोब. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास आणि एका वर्षाचे ४० क्रेडिट. म्हणजे वर्षाला १२०० तास, आठवड्याला साधारण २३. पार्ट टाइम करून तीच दोन वर्षं तीनवर पसरवली तरी आठवड्याला १५ तास उरतातच. आता यात नऊ तासांचं ऑफिस घाला, डोंबिवली ते घाटकोपर लोकल आणि पुढे अंधेरीपर्यंत मेट्रो घाला, परतीचं तेच घाला, घरी आल्यावर कणीक मळणं घाला. वेळ काढू म्हटल्याने निघत नाही. निघतो तो तुकड्यातुकड्यांनी, आणि तुकड्यांत शिकलेलं टिकवायचं कसं हा खरा प्रश्न होतो.

नोकरी सांभाळून शिकणं मुंबईला नवं नाही. गिरणगावात रात्रशाळा होत्या. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, नोकरदारांना तास आटोपून कचेरी गाठता यावी म्हणून. पण तिथे एक गोष्ट फुकटात मिळायची, ती म्हणजे बाकावरचा शेजारी. सर काय म्हणाले ते कळलं नाही तर कोपराने ढोसून विचारायला. दूरशिक्षणात पुस्तक येतं, व्हिडिओ येतो. बाक येत नाही.

त्याऐवजी व्हॉट्सॲप ग्रुप येतो. आमच्या पहिल्या ग्रुपात २१४ जण होते. पीडीएफचा नुसता पाऊस. एकदा कुणीतरी धीर करून विचारलं, "युनिट तीनमधली ती आकृती कुणाला कळली का?" मेसेज वाचलेल्यांची यादी उघडली तर दीडशेच्या वर नावं, उत्तर एकही नाही. मी वाचलं होतं. मलाही आकृती कळली नव्हती. मी समजले, बाकीच्यांना इतकी सोपी वाटली असेल की कुणी तोंड उघडत नाहीये.

डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये हेच प्रयोगात पकडलं. विद्यार्थ्यांना मुद्दाम अगम्य लिहिलेला मजकूर वाचायला दिला आणि सांगितलं, अगदीच अडलं तर येऊन विचारा. कुणी उठलं नाही. नंतर त्यांना विचारलं, तर सर्वसाधारण अंदाज असा की इतरांना आपल्यापेक्षा जास्त कळलंय. स्वतः गप्प बसण्याचं कारण लाज, इतरांच्या गप्प बसण्याचं कारण मात्र हुशारी! याला सामूहिक अज्ञान म्हणता येईल, पण अडाणीपणाशी त्याचा संबंध नाही. आपण इतरांचं मौन चुकीचं वाचतो, एवढंच.

दुसरी गोष्ट आकड्याची. फ्रान्समधले शेतकी अभियंते मॅक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावला आणि १९१३ मध्ये त्याचे निकाल छापले. आठ जण मिळून ओढतात तेव्हा एकेकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या निम्म्यावर येतो. थोडा दोष ताल न जमण्याचा. पण नंतरच्या प्रयोगांत दिसलं की आपला वाटा वेगळा मोजला जात नाही हे कळलं की माणूस मुळातच हात आखडता घेतो. २१४ जणांच्या ग्रुपात उत्तर द्यायची जबाबदारी कुणाची? कुणाचीच नाही.

नाहूरने सात जणांचा वेगळा ग्रुप केला तो या संशोधनाच्या आधाराने नव्हे, वैतागून. नियम एकच ठेवला. रोज एकाने एक प्रश्न टाकायचा, ज्याचं नाव घेतलं असेल त्याने रात्रीपर्यंत पुस्तक न उघडता व्हॉइस नोट करून उत्तर द्यायचं. लिहून नाही, बोलून.

माझी पहिली पाळी मला अजून आठवते. प्रश्न होता, उत्पन्न परिणाम आणि पर्यायता परिणाम यांत फरक काय. प्रकरण मी तीनदा वाचलेलं, पिवळ्या पेनाने रंगवलेलं. घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर, मागे 'कृपया लक्ष द्या' चालू असताना, बोलायला सुरुवात केली आणि चौथ्या वाक्याला अडकले. व्याख्या तोंडावर होती, अर्थ नव्हता. नोट डिलीट केली. समोरच्या गाडीवर वडापाव दिसत होता, म्हणून त्याच्यावरून पुन्हा सुरू केलं. पंधराचा वडापाव वीसला झाला. आता मी समोशाकडे वळेन, कारण त्याच्या मानाने वडापाव महाग झालाय, हा पर्यायता परिणाम. आणि समोसा असो नसो, माझे तेच पैसे आता कमी खरेदी करतात, खिसा जणू लहान झाला, त्यामुळे जो फरक पडतो तो उत्पन्न परिणाम. दोन मिनिटं अकरा सेकंद. लोकल सुटली, पण हा फरक मी आता मरेपर्यंत विसरणार नाही.

असं का होतं, याचं उत्तर हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ मधल्या प्रयोगात आहे. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा, न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे: त्यांना ८३ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटं. वाचणारे ४० टक्क्यांवर आले, आठवणारे ६१ वर. आणि गंमत म्हणजे, आठवड्यानंतर जास्त आठवेल असा विश्वास होता तो चार वेळा वाचणाऱ्यांनाच.

वाचून वाचून मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचं झालं की मेंदूला वाटतं, कळलं. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखतो पण नाव आठवत नाही, तसंच हे. ओळखणं वेगळं, आठवून बाहेर काढणं वेगळं. प्रत्येक वेळी ओढून काढल्याने ती वाट पक्की होते, आणि अडखळत काढलं तरी फायदा होतो, फक्त नंतर बरोबर उत्तर तपासलं पाहिजे. ते तपासायला बाकीचे सहा बसलेलेच असतात. विरारवाल्याला माझ्या वडापावात लगेच खोट सापडली: "डोंबिवली, तू फक्त महागाईचं बोललीस, भाव उतरला तर?" त्यावर आणखी एक नोट.

या ग्रुपने मला वेळ वाचवून दिला नाही, उलट रोज वीस मिनिटं घेतली. लिहिलेल्या नोट्स तर जवळजवळ कुणीच टाकत नाही. पण विचारणारं माणूस दिलं. एकटीने पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारता येतातच की. येतात, पण रात्री अकराला, ऑफिसातून पिळून आल्यावर, कोण विचारतं?

आता माझी मोडलेली सवय. आम्ही पावणेअकराला व्हिडिओ कॉल लावतो. माइक बंद, कॅमेरा टेबलावर. कुणाच्या मागे कुकर, कुणाचं बाळ कडेवर. कुणी कुणाशी बोलत नाही, पण हातात मोबाइल घेऊन रील्स बघायची लाज वाटते. मी सगळाच अभ्यास या कॉलवर करायला लागले होते आणि अर्थमितीच्या, म्हणजे अर्थशास्त्रातल्या संख्याशास्त्राच्या, सिद्धता काही केल्या सुटत नव्हत्या.

सोबतीने जोर चढतो, हे नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्येच सायकलस्वारांवरून दाखवलं होतं. एकट्यापेक्षा बरोबरीने पळवताना वेळ कमी लागायचा. पण पुढच्या कित्येक प्रयोगांत कधी सोबत फायद्याची निघाली, कधी तोट्याची. रॉबर्ट झायोंत्स यांनी १९६५ मध्ये हा गुंता सोडवला: इतरांच्या हजेरीने शरीर-मन थोडं ताणलं जातं, त्यामुळे अंगवळणी पडलेलं काम झपाट्याने होतं आणि नवं, अवघड काम बिघडतं. १९६९ मध्ये त्यांनी हे चक्क झुरळांवर तपासलं. बघायला इतर झुरळं असली की सरळ वाटेवर झुरळ जास्त वेगाने पळालं, वळणाच्या वाटेत मात्र रेंगाळलं. तेव्हापासून असाइनमेंट उतरवणं, संदर्भसूची, तक्ते हे सगळं कॉलवर. सिद्धता मात्र पहाटे, एकटीने, दार लावून.

पहाटे म्हणजे झोप मोडून नव्हे. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत आणखी पक्कं करतो, तेव्हा झोप कापणं म्हणजे भरलेला डबा ट्रेनमध्ये विसरणं. कॅफीनही अर्धं उतरायला सुमारे पाच तास घेतं, त्यामुळे रात्री दहाचा चहा पहाटे तीनलाही अर्धा अंगात असतो. साडेअकराला कॉल बंद करायचा, हा नियम घणसोलीने आणला. मोडतोही तोच.

शेवटचा घोळ तारखांचा. रॉजर ब्युलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमी पडला. त्याच अभ्यासमालेत दिसलं की दुसऱ्याच्या कामाचा अंदाज करताना हा आशावाद गळून पडतो. आपण स्वतःच्या बेताकडे बघतो, इतर लोक आपल्या इतिहासाकडे.

म्हणून आमच्यात आता स्वतःची तारीख स्वतः ठरवायची नाही. प्रबंधिकेचा पहिला खर्डा मी १५ मेपर्यंत देईन म्हटलं. नाहूरने विचारलं, मार्चअखेर ऑफिसात काय असतं तुझ्याकडे? मग भाचीचं लग्न कधी? तिने आणि विरारने मिळून ३० जून लिहिलं. मला राग आला, दोन दिवस ग्रुपवर बोलले नाही.

खर्डा ४ जुलैला गेला. विरारने तारखेखाली फक्त एक प्रश्न टाकला आणि माझं नाव घेतलं: "डोंबिवली, पुस्तक मिट. तुझ्या तिसऱ्या प्रकरणाचा निष्कर्ष काय?"