मोठ्या खोलीत छोटे स्पीकर कमी का पडतात, त्यामागची गोष्ट

मोठा हॉल, उंच छत, एका बाजूला उघडा जिना, आणि त्यात पाच इंची वूफरचे (बेस वाजवणाऱ्या कोनचे) स्पीकर नि एक आठ इंची सब (सबवूफर, म्हणजे फक्त खोल बेससाठीचा वेगळा स्पीकर). आवाज वाढवत नेला की कानाला टोचायला लागतो पण बेस काही अंगावर येत नाही, मग बहुतेक जण जास्त वॅटचा अँप (अँप्लिफायर) शोधायला लागतात. माझ्या मते गडबड तिथेच होते. वॅटपेक्षा स्पीकरची घडण आधी बघायला हवी, आणि ती अशी का झाली हे कळायला जरा मागे जावं लागतं.

1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कॉइल आणि कोनवाल्या स्पीकरचा (चुंबकातली तारेची गुंडाळी हलते आणि कोनला हलवते) पेपर मांडला, आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. लगेच बोलपट आले. तेव्हाच्या अँपमध्ये ताकद अगदी थोडी आणि भरायचं अख्खं थिएटर, म्हणून मोठमोठे हॉर्न (कर्ण्याच्या आकाराचे स्पीकर) आले, कारण हॉर्नमुळे थोड्या वॅटमध्ये भरपूर आवाज निघतो. पॉल क्लिप्श यांनी 1940 च्या दशकात तेच घरात आणलं. त्यांचा क्लिप्शहॉर्न कोपऱ्यातच ठेवायचा, दोन्ही बाजूच्या भिंतीच हॉर्नचा पुढचा भाग होतात, आणि एका वॅटला एक मीटरवर 100 डेसिबलच्या वर आवाज मिळतो. खोलीला स्पीकरचाच भाग बनवायची ही कल्पना मला आजही भारी वाटते.

पण असलं कपाटाएवढं धूड किती जण ठेवणार? 1954 मध्ये एडगर विल्चर यांचा एआर-1 आला, पूर्ण बंद डबा, आतली हवाच कोनला स्प्रिंगसारखी धरते, त्यामुळे लहान बॉक्समधून खोल बेस यायला लागला. 1958 ला स्टिरिओ रेकॉर्ड आल्या, घरात एकाऐवजी दोन बॉक्स लागायला लागले आणि छोट्यांचं फावलं. किंमत मोजली ती सेन्सिटिव्हिटीत, म्हणजे एका वॅटमध्ये किती आवाज निघतो त्यात. लहान बॉक्स, खोल बेस, कमी वॅटमध्ये जास्त आवाज, या तिन्हीतल्या दोनच गोष्टी मिळतात, याला हॉफमनचा नियम म्हणतात. पुढे अभियंते थील यांनी 1961 मध्ये आणि स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात याचं गणित पक्कं बसवलं, तोवर ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले होते, म्हणून लहान खोलीत ही तूट कुणाला जाणवली नाही.

मोठ्या खोलीत मात्र ती जाणवतेच. एका वॅटला 86 डेसिबल देणाऱ्या स्पीकरला 96 वाल्याइतकं वाजवायला दहापट पॉवर लागते. अँप दुप्पट वॅटचा घेतला तरी वाढतात फक्त 3 डेसिबल, आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 जातात (घरात भिंतींमुळे थोडे कमी जातात). बेसचं तर अजून अवघड, 40 हर्ट्झवरून 20 वर (आकडा लहान तितका बेस खोल) तेवढ्याच आवाजात उतरायचं तर चौपट हवा हलवावी लागते, म्हणूनच तो आठ इंची सब धापा टाकतो.

सबची मागणी आली सिनेमातून. 1974 मध्ये 'अर्थक्वेक' सिनेमासाठी थिएटरात सेन्सराउंड नावाच्या खोल बेसच्या यंत्रणेचे अवाढव्य बॉक्स लावले होते, 1992 पासून डॉल्बी डिजिटल या सिनेमाच्या आवाजाच्या पद्धतीत बेसच्या इफेक्टला वेगळा चॅनल मिळाला आणि डीव्हीडीबरोबर तो घराघरात पोचला. हा चॅनल बाकीच्यांपेक्षा 10 डेसिबल वर जाऊ शकतो. थिएटरसाठी केलेलं काम घरच्या एका डब्यावर येऊन पडलं! टीएचएक्सने (सिनेमाच्या आवाजाची मानकं ठरवणारी कंपनी) होम थिएटरच्या सामानाचे वर्ग पाडले ते खोलीचं घनफळ आणि बसायचं अंतर बघूनच, अल्ट्रा वर्ग साधारण 3,000 घनफूट आणि 12 फुटांसाठी. 7 बाय 5 मीटरचा, 3 मीटर उंच हॉल धरला तर तोच 3,700 घनफूट होतो, आणि जिना किंवा किचन उघडं असेल तर तिथली हवाही सबच्याच वाट्याला येते.

2002 मध्ये स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी किती सब पुरेत याचा अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मधोमध दोन ठेवले तरी वेगवेगळ्या सीटवरचा बेस बराच सारखा होतो, आणि चारच्या पुढे फारसा फायदा नाही. पण तो हिशोब चौकोनी बंद खोलीचा आहे, एल आकाराच्या उघड्या हॉलला जसाच्या तसा लावता येत नाही, तिथे सब सरकवत मोजमाप घेऊनच जागा ठरवावी लागते.