अर्ज मागे घेतला, पण पाणी कधी सोडणार होते?

जलविद्युत कंपनीने मंजुरीचा अर्ज मागे घेतला की नदीकाठचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. मात्र अर्ज फेटाळला जाणे आणि मागे घेतला जाणे यांत फार अंतर आहे. माघार घेतल्यावर त्या नदीबद्दल कुणाचाच निर्णय होत नाही. कर्नाटकातून गोव्यात येणाऱ्या म्हादई नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या आम्हा गोवेकरांना हा फरक कळायलाच हवा.

वीज कायदा, 2003 च्या कलम 8 नुसार ठरावीक खर्चापुढचे जलविद्युत प्रकल्प केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या संमतीसाठी जातात. तिथे पिण्याचे पाणी, सिंचन, पूर आणि धरणाची सुरक्षितता यांचाही विचार होतो. विजेचे गणित सोपे आहे: सेकंदाला 1 घनमीटर पाणी 100 मीटर खाली आले, तर सुमारे 800 किलोवॉट वीज मिळते. अवघड प्रश्न वेळेचा.

म्हादई जलविवाद लवादाने 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. त्यातले 8.02 टीएमसी वीजनिर्मितीसाठी. टर्बाइन फिरवून हे पाणी नदीतच परतते, म्हणून वर्षाचा हिशेब जुळतो. पण विजेची मागणी संध्याकाळी चढते. टर्बाइन तेव्हाच चालवले तर पाणी लोंढ्याने येते आणि उरलेला दिवस पात्र रोडावते. उलट, पावसाळ्यातले पाणी साठवून उन्हाळ्यात संथपणे सोडले, तर खाली गोडे पाणी वाढेलही. सगळे वेळापत्रकावर आहे.

खाली मांडवीत, म्हणजे म्हादईच्याच गोव्यातल्या पात्रात, उन्हाळ्यात नदीचे पाणी आटते आणि समुद्राचा खारटपणा आत सरकतो. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतीच्या, बांधावर मानस (पाणी आत-बाहेर सोडणारे दार) पाहिली की हे लगेच समजते. भरती चढली की तिची लाकडी दारे बाहेरच्या दाबाने मिटतात, ओहोटी लागली की आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते. जूनच्या पावसात जमिनीतले मीठ धुऊन याच वाटेने जाते, मग कोरगूट हे खाजनातले पारंपरिक भात रुजते. कोरगूट खारेपणा सोसते, पण त्यालाही मर्यादा आहे. नेमक्या त्याच दिवसांत वर धरण भरून घेतले, तर खाडीतले खारे पाणी बाहेर लोटायला नदीचा जोर कमी पडेल.

माघारीमुळे हा प्रश्न कुणी तपासलाच नाही, असे होते. म्हणून मला वाटते, मागे घेतलेल्या अर्जातल्याही प्रवाहाच्या नोंदी आणि पाणी सोडण्याचे वेळापत्रक लोकांसाठी खुले राहिले पाहिजे. नवा अर्ज वेगळ्या क्षमतेचा, वेगळ्या नावाचा असेल. नदी तीच असेल, आणि तिच्या प्रवाहाच्या जुन्या नोंदी तेव्हा आपल्या हाती असतील.