चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा लागत असेल तर: जुन्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सस्नेह नमस्कार.

ठाण्यातील आमच्या गॅरेजमध्ये दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी घेऊन येणाऱ्या अनेक ग्राहकांची पहिली विनंती "तेवढा दिवा घालवून द्या" अशी असते. स्कॅनर लावून दिवा घालवण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. मात्र तो ज्या कारणाने लागला ते कारण तसेच राहते आणि आठ-पंधरा दिवसांत दिवा पुन्हा लागतो. दिवा घालवणे आणि दोष शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाला वेळ का लागतो आणि त्याचे शुल्क आम्ही वेगळे का घेतो, हे आपणांस नीट कळावे म्हणून हे पत्रक दिले आहे.

मुंबईसह मोठ्या शहरांत एप्रिल २०१० पासून भारत स्टेज ४ ही वाहन-प्रदूषणाची मानके लागू झाली आणि एप्रिल २०१३ पासून गाडीतील संगणकाने प्रदूषणाशी संबंधित भागांवर अधिक काटेकोर लक्ष ठेवणे बंधनकारक झाले. त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखालच्या भागात स्कॅनर जोडण्यासाठी सोळा पिनांचे सॉकेट असते. दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर तापमानाचा काटा आणि ऑइलचा दिवा पाहून ती सावकाश गॅरेजपर्यंत आणता येते. दिवा लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग करत असेल (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल), तर मात्र न जळलेले इंधन सायलेन्सरच्या मार्गातील, धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो अति तापतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि आम्हाला फोन करावा.

स्कॅनरवर दिसणारा कोड हे बिघडलेल्या भागाचे नाव नव्हे, हे आम्हाला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे. संगणकाला काय दिसले, एवढेच तो कोड सांगतो. उदाहरणार्थ, पी०१७१ याचा अर्थ मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आढळते. त्याचे कारण पेट्रोल पंपाचा कमी दाब, चोंदलेला इंजेक्टर, फाटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा धुरातील ऑक्सिजन मोजणारा खुद्द ऑक्सिजन सेन्सर यांपैकी काहीही असू शकते. कोड वाचून थेट सेन्सर बदलला, तर चारांपैकी एका शक्यतेवर ग्राहकाचे पैसे लावल्यासारखे होते.

घोडबंदर रस्त्यावरून येणाऱ्या एका गाडीचा ऑक्सिजन सेन्सर आमच्याकडे येण्यापूर्वी दोनदा बदललेला होता, तरी दिवा लागतच होता आणि अ‍ॅव्हरेज घटले होते. दुपारी तपासणी केली असता सारे आकडे व्यवस्थित दिसले. मालकांना विचारल्यावर त्यांनी सांगितले, की सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे बॉनेटखालून बारीक टकटक येते. आम्ही गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी थंड इंजिन सुरू करून पाहिले. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडावरील पॅकिंग एका बाजूने उडाले होते. त्या फटीतून बाहेरची हवा आत खेचली जात होती, पुढचा (कन्व्हर्टरच्या आधीचा) ऑक्सिजन सेन्सर तीच हवा मोजत होता आणि संगणक गरज नसताना पेट्रोल वाढवत होता. इंजिन तापले की धातू प्रसरण पावून फट जवळजवळ मिटत असे, म्हणून दुपारी काहीच सापडत नव्हते. दोन्ही सेन्सर निर्दोष होते. ग्राहकाने सांगितलेली टकटक आम्हाला स्कॅनरपेक्षा अधिक उपयोगी पडली.

पी०४२० हा कोड (कन्व्हर्टर पुरेसे काम करत नसल्याची नोंद) आला की कन्व्हर्टर बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो भाग महाग असतो. कन्व्हर्टर नीट काम करत असताना पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट यांमध्ये झपाट्याने वरखाली होतो आणि कन्व्हर्टरनंतरच्या मागच्या सेन्सरचा बराचसा स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखाच हलू लागला, तर संशयाला आधार मिळतो. तरीही आम्ही आधी सायलेन्सरची गळती, मिसिंग आणि ऑइल जळणे तपासतो, कारण मूळ दोष तसाच ठेवून बसवलेला नवा कन्व्हर्टरही लवकर खराब होतो.

सीएनजीवरील गाडी आम्ही पेट्रोल आणि गॅस अशा दोन्ही इंधनांवर चालवून पाहतो. गॅस पेटवण्यासाठी ठिणगीला अधिक व्होल्टेज लागतो, त्यामुळे थकलेली कॉइल किंवा झिजलेले प्लग आधी गॅसवर मिसिंग दाखवतात आणि पेट्रोलवर गाडी ठीक वाटते. पेट्रोलमधील इथेनॉलचाही विचार करावा लागतो: एक भाग शुद्ध पेट्रोल जळण्यास सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ भागच पुरते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर संगणकाला इंधन थोडे वाढवावे लागते, आणि आधीच काठावर असलेली जुनी गाडी त्या वाढीने दिवा लागण्याची मर्यादा ओलांडू शकते. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावरून गाडी गेली असेल किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांचा उपद्रव असेल, तर तेही सांगावे. हिरवट गंज चढलेला कनेक्टर आणि कुरतडलेली वायर आम्हाला दरवर्षी सापडतात.

येण्यापूर्वी कोड पुसू नये आणि बॅटरीची तारही काढू नये, ही कळकळीची विनंती आहे. दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि इंजिनाचे फेरे संगणकात जतन असतात; पुसताच ही नोंद नाहीशी होते आणि आम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. दिवा थंड इंजिनवर लागला की तापलेल्या, चढावर की सिग्नलला थांबल्यावर, पेट्रोल कधी भरले होते, आधी कोणते भाग बदलले, हे चार ओळींत लिहून आणावे. पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणजे दोष नाही असे समजू नये, कारण त्या चाचणीत गाडी उभी असताना धूर तपासला जातो. बरेच दोष ती रस्त्यावर धावतानाच दिसतात.

तपासणीचे शुल्क आम्ही गाडी घेतानाच सांगतो. आढळलेला दोष आपणांस प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय कोणताही भाग बदलत नाही, आणि काढलेला जुना भाग आपल्या हाती देतो. दुरुस्तीनंतर संगणकाच्या अंतर्गत चाचण्या पूर्ण होण्यास काही दिवसांचे मिश्र चालवणे लागते, म्हणजे थोडी शहरातील गर्दी आणि थोडा ठाणे-बेलापूर रस्त्यासारखा सलग वेग. त्यानंतर गाडी पुन्हा एकदा आणावी. त्या फेरतपासणीचे शुल्क आकारले जात नाही, आणि तीत सर्व चाचण्या पूर्ण झालेल्या दिसल्यावरच आम्ही ते काम आमच्या वहीत पूर्ण म्हणून नोंदवतो.