उलटलेल्या लिम्फोमावरील संयुक्त औषधोपचारांच्या चाचण्या

लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. पहिल्या उपचारानंतर तो उलटला, की उरलेल्या पेशी जुन्या औषधांना सहसा तितकी दाद देत नाहीत. म्हणून वेगवेगळ्या मार्गांनी मारा करणारी औषधे एकत्र दिली जातात. ही जोडी एकट्या औषधापेक्षा सरस आहे का आणि रुग्णाला ती सोसते का, हे चाचण्यांतून तपासतात.

सोसण्याचा प्रश्न आधी येतो. पहिल्या टप्प्यात बहुधा एका औषधाचा डोस कायम ठेवून दुसऱ्याचा पायरीपायरीने वाढवतात. तीन-तीन रुग्णांच्या गटाला उपचाराच्या पहिल्या आवर्तनात काय त्रास होतो ते पाहूनच पुढची पायरी गाठतात. आयडेलालिसिब आणि एन्टोस्प्लेटिनिब या दोन्ही गोळ्या बी-पेशींच्या (लिम्फोसाइटचा एक प्रकार) एकाच संदेशसाखळीतले दुवे तोडतात. कागदावर जोडी उत्तम होती. प्रत्यक्षात रुग्णांच्या फुप्फुसांना तीव्र दाह झाला, दोघे दगावले आणि चाचणी थांबवावी लागली.

वेगाने वाढणाऱ्या प्रकारात रोग आटोक्यात आणून रुग्णाला स्टेम सेल प्रत्यारोपणापर्यंत नेणे, हा मार्ग १९९५च्या पार्मा चाचणीने पक्का केला. रोग पुन्हा न बळावता पाच वर्षे काढण्याचे प्रमाण प्रत्यारोपणाच्या गटात ४६ टक्के, तर नुसत्या केमोथेरपीच्या गटात १२ टक्के होते. प्रत्यारोपणाआधी कोणते मिश्रण द्यावे, याचा निकाल मात्र बरोबरीत सुटला. कोरल चाचणीत रिटक्सिमॅब या बी-पेशींना लक्ष्य करणाऱ्या प्रतिपिंड औषधासह आइस आणि डीहॅप या केमोथेरपीच्या मिश्रणांना अनुक्रमे ६३.५ आणि ६२.८ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. पुढे कॅनडाप्रणीत चाचणीत जीडीपी हे मिश्रण डीहॅपइतकेच परिणामकारक आणि कमी त्रासदायक ठरले. रोगाने आधीच थकलेल्या माणसासाठी हा फरक मोठा आहे.

जोडीतल्या प्रत्येक औषधाचा वाटा किती, हे ठरवणे सर्वांत अवघड. ऑगमेंट चाचणीने ते नीट केले. बहुतांश फॉलिक्युलर या संथ वाढणाऱ्या लिम्फोमाच्या ३५८ रुग्णांना, सर्वांनाच, रिटक्सिमॅब मिळाले; सोबत एका गटाला लेनालिडोमाइड हे रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध, दुसऱ्याला औषध नसलेली कॅप्सूल. रोग न वाढता गेलेला मध्यक काळ (निम्म्या रुग्णांनी ओलांडलेला) ३९.४ विरुद्ध १४.१ महिने निघाला. याउलट टाफासिटामॅब (बी-पेशींवरचे आणखी एक प्रतिपिंड औषध) आणि लेनालिडोमाइड या जोडीची एल-माइंड चाचणी एकाच गटाची होती. त्यामुळे टाफासिटामॅबचा वाटा, एकटे लेनालिडोमाइड घेतलेल्या इतर रुग्णांच्या नोंदींशी तुलना करून काढावा लागला. अशी तुलना कितीही काटेकोर असली, तरी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निःपक्ष वाटणीची जागा ती घेऊ शकत नाही.