मधुमेहींचे पाय कोण तपासणार?

मधुमेहीची पावलं वर्षातून निदान एकदा तपासावीत, हे सगळ्या डॉक्टरांना ठाऊक असतं. तरी गर्दीच्या ओपीडीत ते राहूनच जातं. बूट-मोजे काढून पुन्हा चढवेपर्यंत बाहेर रांग वाढते. मधुमेहाने पाय बधिर झाला असेल, तर पालखीबरोबर दिवे घाट अनवाणी चढताना रुतलेला खडाही कळत नाही. जखम चिघळते तेव्हाच लक्ष जातं.

पुण्यातल्या महापालिकेच्या दवाखान्यात वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांची टीम हे काम डॉक्टरांच्या खोलीबाहेर आणू शकते. केसपेपर काढून रुग्ण बाकावर बसला, की नर्सिंगच्या विद्यार्थ्याने चपला काढायला सांगायचं, बोटांच्या बेचक्या, भेगा, घट्टे बघायचे आणि १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट घ्यायचा. १० ग्रॅमचा जोर पडला की वाकणारा नायलॉनचा हा तंतू आधी हातावर टेकवून दाखवावा. मग रुग्णाला डोळे मिटायला सांगून अंगठ्याखाली आणि चवड्यावर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बोटाच्या मुळाशी तो काटकोनात, वाकेपर्यंत दाबावा आणि एक-दोन सेकंदांत उचलावा. घट्ट्यावर टेकवला तर चांगला पायही बधिर ठरतो. ‘लागतंय का?’ विचारलं की रुग्ण भिडेखातर ‘हो’ म्हणतो, म्हणून अधूनमधून न टेकवताच विचारावं. दहाएक रुग्णांनंतर तंतू मऊ पडतो, त्याला २४ तास विश्रांती लागते. तेव्हा निदान दोन तरी हवेत.

बधिरपणा आढळला की फार्मसीच्या विद्यार्थ्याने औषधांची पिशवी उघडून बघावी. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात. रुग्ण शाकाहारी असेल तर शंका आणखी बळावते. ही गोष्ट एकट्या डॉक्टरांच्या नजरेतून सहज निसटते. फिजिओथेरपीचा विद्यार्थी चाल आणि पादत्राणं बघतो, मागे पट्टा असलेली एमसीआर (मऊ रबराच्या तळव्याची) चप्पल सुचवतो.

सुरुवात एका डॉक्टरांच्या चार-पाच रुग्णांपासूनच करावी. दर आठवड्याला मधुमेहींचे २० केसपेपर काढून पायांची नोंद कितींवर आहे ते आलेखावर मांडावं. जुन्या मध्यकाच्या, म्हणजे आधीच्या आठवड्यांचे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याच्या, वर सलग सहा बिंदू आले तर बदल खरा मानता येतो. रांग लांबत नाही ना, हेही मोजायलाच हवं.

असे उपक्रम बहुधा विद्यार्थ्यांची पोस्टिंग संपली की बंद पडतात. म्हणून पहिल्या महिन्यातच दवाखान्याच्या सिस्टरांना तपासणी शिकवावी आणि केसपेपरवर पायांच्या नोंदीचा रबरी शिक्का सुरू करावा. रकाना रिकामा असला तर औषधाच्या खिडकीवर तो दिसतोच, आणि रुग्णाला तिथूनच परत बाकावर पाठवता येतं.