सौर ऊर्जेचा घरगुती वापर (ग्रामीण विदर्भ)

सूर्याच्या उष्णतेचा आणि प्रकाशाचा घरकामासाठी होणारा उपयोग. ग्रामीण विदर्भात त्यात वाळवण, पाणी तापवणे व अन्न शिजवणे यांबरोबरच सौर दिवे, छतावरील वीजसंच आणि वस्तीचा सौर पंप येतो. ११ जिल्ह्यांच्या या प्रदेशात पावसाळा सोडला तर आभाळ बहुतेक मोकळे असते, आणि मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोला येथे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. २,९२० मेगावॉटचे चंद्रपूर औष्णिक वीजकेंद्र याच भूमीत आहे. तरीही ‘लाईन गेली’ हे शब्द इथल्या खेड्यांत नेहमी ऐकू येतात. छतावरच्या विजेची ओढ त्यातूनच वाढली आहे.

सर्वांत जुना आणि आजही सर्वांत मोठा उपयोग वाळवणाचा. होळीनंतर अंगणात, गच्चीवर, बाजेवर जुने लुगडे अंथरून पापड, शेवया, सरगुंडे, मूगवड्या पडू लागतात. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, वाटून त्याचा चीक काढतात, पहाटे तो शिजवतात आणि कोवळ्या उन्हातच सोऱ्याने कुरडया घालून मोकळे होतात. घाईचे कारण सरळ आहे: पहिल्या दिवशी पुरते ऊन मिळाले नाही तर चीक आंबूस होतो. दुपारी कडा सुटल्या की कुरडई उलटायची. दोन-तीन कडक उन्हे खाल्ली की ती वर्षभर टिकते. भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद यांनाही हेच ऊन लागते. गडचिरोली, गोंदियाकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचलेली मोहफुले सारवलेल्या अंगणात पसरतात. नीट वाळलेला मोह पुढे कित्येक महिने घरात राहतो. ओलसर राहिला तर बुरशी धरतो. या कामाला ना यंत्र लागते ना अनुदान, म्हणूनच बहुधा ऊर्जेच्या हिशेबात ते कोणी धरत नाही. ते धरायला हवे, कारण त्यामागे घरातल्या बायांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे.

तान्ह्या बाळाच्या आंघोळीसाठी पाण्याचा गंज, म्हणजे पातेले, उन्हात ठेवण्याची रीतही जुनी आहे. छतावरचा सौर बंब हे त्याच कामाचे यंत्र. मात्र बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तिथे बंबाच्या नळ्यांत थर बसतो आणि दर वर्षी-दोन वर्षांनी सफाई करावी लागते. पेटी-सौरचूल विदर्भात फारशी रुजली नाही. आरसा उन्हाकडे वळवून काळ्या डब्यांत ठेवलेली तुरीची डाळ आणि भात दोन-तीन तासांत उत्तम शिजतात, पण फोडणी आणि भाकरी तिच्यावर होत नाही. शिवाय शेतावर जाणाऱ्या घरात सकाळी आठच्या आतच स्वयंपाक उरकलेला असतो.

विजेचा उपयोग आधी कंदिलाची जागा घेणाऱ्या सौर दिव्याने सुरू झाला आणि आता छतावरच्या संचापर्यंत आला आहे. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’त १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. दिवे, पंखे, टीव्ही आणि उन्हाळ्यात एक कूलर एवढ्या गरजेच्या घराला ती बहुधा पुरते. कूलर तर सौर विजेचा जणू जोडीदारच आहे: ऊन जितके तापते तितकी त्याची गरज वाढते, आणि छतावरची सौर प्लेटही (पॅनेल) त्याच वेळी वीज देत असते.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कडक ऊन म्हणजे जास्त वीज, असे होत नाही. प्लेटला प्रकाश हवा असतो; उष्णता तिला मारक ठरते. हवा ४५ अंशांवर असताना प्लेट स्वतः ६५ ते ७० अंशांपर्यंत तापते आणि तिची निर्मिती सुमारे १५ टक्क्यांनी घटते. म्हणून फेब्रुवारी-मार्चची निरभ्र, सौम्य दुपार वैशाखाच्या दुपारपेक्षा सरस ठरू शकते. प्लेट पत्र्याला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल एवढी उंच ठेवण्याचे कारण हेच.

दुसरा गैरसमज अधिक महाग पडतो. अनुदानातले बहुतेक संच वीजवाहिनीला (ग्रिडला) जोडलेले आणि बॅटरीविना असतात. लाईन गेली की तेही आपोआप बंद होतात, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला उलट्या प्रवाहाचा धोका असतो. ज्या घराला अंधाराचाच त्रास आहे त्याने बॅटरीचा संच घ्यावा, आणि विक्रेत्याने ही गोष्ट व्यवहाराआधीच सांगावी. शिसे-आम्ल बॅटरी ठेवायची जागा सावलीची व हवेशीर हवी. इथल्या उन्हाळ्यात बंद खोलीत तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरांची अडचण वेगळी. कवेलूवर सांगाडा बसत नाही, त्यामुळे अंगणात लोखंडी खांब उभारावे लागतात. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरांनाही वानरांच्या टोळ्या, वणीसारख्या भागातली कोळशाची धूळ आणि कडुनिंबाची सावली सोसावी लागते. प्लेट दक्षिणेकडे सुमारे २० अंश कलती ठेवून पहाटे किंवा सूर्यास्तानंतर साध्या पाण्याने धुतात. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारले तर ती तडकू शकते.

गडचिरोली आणि मेळघाटातल्या दूरच्या पाड्यांवर घराचा सौर ऊर्जेशी संबंध अनेकदा पाण्यातून येतो. तिथे एकाच विंधनविहिरीवर हातपंप आणि सौर पंप असे दोन्ही बसवण्याची ‘दुहेरी पंप’ पद्धत वापरली जाते. दिवसा सौर पंप टाकी भरतो आणि तिथून नळाने पाणी येते. ढगाळ दिवसांत किंवा बिघाड झाल्यास हातपंप चालतो.