खाचेत अडकलेला सूर

इलेक्ट्रिक गिटार सुरात राहत नसेल, तर पहिला आळ येतो तो कीवर, म्हणजे तारा ताणणाऱ्या खुंट्यांवर. ठाणे असो की नेरूळ-वाशी, कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणारी मुलं गिटार दाखवायला आणतात तेव्हा प्रश्न ठरलेला असतो : "काका, सगळ्या की बदलून टाकू का? जीची तार एक गाणंभर टिकत नाही." की बदलायला दोन-चार हजार रुपये सहज जातात आणि बहुतेकदा जीची तार, म्हणजे पातळ बाजूने तिसरी, त्यानंतरही सुरात टिकत नाही. कारण कीमध्ये वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक, असतो. खुंटी फिरवली की तो फिरतो, पण तारेच्या ओढीने सहसा उलटा फिरत नाही. साधारण बऱ्या गिटारची की आपणहून सैल पडणं तसं विरळाच. मी आधी पाहतो तो नट. बोटांनी तारा दाबायचा फ्रेटबोर्ड संपून कीचा माथा, म्हणजे हेडस्टॉक, सुरू होतो तिथे बसवलेली, सहा खाचांची, जेमतेम सव्वाचार सेंटिमीटर लांबीची ती पट्टी.

तारेचा सूर तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि दर मीटरमागचं तिचं वजन यांवर ठरतो. फ्रान्समधल्या मारँ मेर्सेन यांनी हे नातं १६३६ साली मांडलं. त्यातला आपल्या कामाचा भाग असा, की कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ताण एक टक्का वाढला, तर कंपनसंख्या अर्धा टक्का वाढते. संगीतात सप्तकाचे १२०० बारीक भाग पाडतात आणि त्यांना सेंट म्हणतात. लगतच्या दोन फ्रेटांमध्ये, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमध्ये, १०० सेंटांचं अंतर असतं. कंपनसंख्येतला अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ ९ सेंट, आणि तयार कानाला पाच-सहा सेंटसुद्धा खुपतात. म्हणून एक टक्का ताण इकडचा तिकडे झाला, तरी गिटार बेसूर वाटते.

हा ताण थोडाथोडका नसतो. ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीचा नेहमीचा संच ६४८ मिलिमीटर लांबीच्या गिटारवर चढवला, तर प्रत्येक तारेवर सात ते नऊ किलोंची ओढ येते. सहा तारांची मिळून ती ४७ किलोंच्या आसपास जाते. एवढ्या ओढीने ताणलेली प्रत्येक तार नटाच्या खाचेतून वाकून कीकडे उतरते. तार बेंड केली, म्हणजे बोटाने आडवी ओढून सूर चढवला, किंवा सगळ्या तारा एकदम ढिल्या करणारा ट्रेमोलोचा दांडा दाबला, की ती त्या खाचेतून किंचित पुढे-मागे सरकते. सरकून पुन्हा नेमकी जागेवर आली, तर प्रश्नच नाही. पण खाचेत घर्षण असतं.

दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्यावर होडी बांधताना पाहिलं असेल, तर दोर खुंटाला दोन-तीन वेढे घेऊन एक माणूस हाताने धरून उभा असतो आणि तेवढ्यावर अख्खी होडी थोपते. वेढ्यांमध्ये ही ताकद कुठून येते, याचं गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर यांनी मांडलं. दोराच्या दोन बाजूंच्या ताणांचं गुणोत्तर घर्षणांक आणि वळणाचा कोन यांच्या गुणाकारावर अवलंबून असतं, आणि हा गुणाकार घातांकात बसतो. त्यामुळे वळण थोडं वाढलं, तरी पकड झपाट्याने वाढते. नटाच्या खाचेला हेच गणित लागू पडतं. फरक इतकाच, की इथे वेढा पुरा नसतो, तार काही अंशांत वळते.

आकडे घालून पाहू. हेडस्टॉक १७ अंश मागे झुकलेला आहे, गिब्सन कंपनीच्या जुन्या गिटारींचा असतो तसा, आणि खाचेतला घर्षणांक ०.२ आहे असं धरू. मग नटाच्या दोन बाजूंच्या ताणांत सहा टक्क्यांचा फरक पडला, तरी तार जागची हलणार नाही. सहा टक्के ताण म्हणजे ५० सेंट, चक्क अर्धा फ्रेट! घर्षणांक ०.०५ वर आणला, तर हाच फरक १३ सेंटांच्या आत येतो. ही कमाल मर्यादा आहे, दर वेळी एवढा घोटाळा होतोच असं नाही. पण खाच तारेपेक्षा अरुंद असेल आणि तिच्या भिंती तारेला चिमटीत धरत असतील, तर घर्षण या गणिताच्याही वर जातं. तीन की एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला असलेल्या हेडस्टॉकवर डी आणि जीच्या तारा खाली वळतातच, शिवाय आडव्याही सर्वांत जास्त वळतात. तिथे अडकण्याची शक्यता आणखी वाढते.

यावरून एक जुनी सवय नीट उलगडते. सूर लावताना खालून वर यावं, वरून खाली उतरू नये, असं प्रत्येक शिक्षक सांगतो. खालून वर आलात, तर की तारेला ओढत असते आणि हेडस्टॉककडचा ताण वाजणाऱ्या भागापेक्षा थोडा जास्त राहतो. नंतर तार बेंड केली तरी हेडस्टॉककडून ती सहजी पुढे येत नाही. वरून खाली उतरलात, तर उलटं होतं. मागचा भाग ढिला राहतो, पहिल्याच बेंडला तार तिथून पुढे सरकते आणि सूर उतरतो. म्हणजे ही नुसती शिस्त नाही, तिच्यामागे घर्षणाचं भौतिकशास्त्र आहे.

दोष नटातच आहे का, हे घरबसल्या कळतं. ट्यूनर लावून जीची तार सुरात आणा, दोन-तीनदा जोरात बेंड करा आणि पुन्हा पाहा. सूर उतरला असेल, तर नट आणि की यांच्या मधल्या तारेवर बोटाने एकदा दाबून सोडा. सूर परत वर आला, तर तार खाचेत अडकली होती हे पक्कं. दुसरी खूण कानाला ऐकू येते. की हळूहळू फिरवताना सूर सलग न चढता थबकतो आणि मग 'टिंक' असा आवाज होऊन एकदम उडी मारतो. ट्रेमोलो दाबून सोडल्यावर सूर उतरण्याऐवजी चढलेला राहत असेल, तर तेही बहुधा खाचेचंच काम, कारण ढिली पडलेली तार मागे सरकली आणि पुढे यायची राहिली. मात्र सगळ्याचं खापर नटावर फोडू नका. नव्या तारा ताणून घेतलेल्या नसतील, कीच्या खांबावर वेढे एकावर एक चढलेले असतील, तरीही असंच होतं. आणि एसीच्या खोलीतून गिटार दहा अंश जास्त उकाड्यात नेली, तर पोलाद प्रसरण पावून ईची पातळ तार ढोबळ गणिताने १० सेंट उतरते आणि जीची त्याच्या जवळजवळ तिप्पट.

जीचीच तिप्पट का? नेहमीच्या संचात ईची पातळ तार ०.०१० इंचांची आणि जीची साधी तार ०.०१७ इंचांची असते. दोन्हींवरचा ताण जवळपास सारखा, पण जीच्या तारेत पोलादाचं क्षेत्रफळ सुमारे तिप्पट. म्हणून दोन्ही तारा सारख्याच लांबल्या, तर जीचा ताण तिप्पट बदलतो. खाचेत ०.०५ मिलिमीटर तार, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, चुकीच्या बाजूला राहिली, तर ईची पातळ तार ९ सेंट ढळते आणि जीची २५ च्या वर. जीच्या तारेची बदनामी जगभर आहे आणि ती खरी आहे. पण तार वाईट नसते, तिला माफ करणारी जागाच उरलेली नसते.

खाचेच्या उंचीचा प्रश्न वेगळा. खाच उथळ असेल तर तार पहिल्या फ्रेटच्या वर फार उंच राहते. ६४८ मिलिमीटरच्या गिटारवर पहिला फ्रेट नटापासून सुमारे ३६ मिलिमीटरवर असतो. एवढ्या जवळ तार खाली दाबायची, तर ती तीव्र कोनात ताणली जाते आणि सूर चढतो. हे ताणणं उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे उंची दुप्पट झाली की चौपट. म्हणूनच काही गिटारींवर मोकळ्या तारा सुरात असतात, पण ईचा आणि एफचा साधा कॉर्ड धरला की काहीतरी खटकतं, आणि नवशिक्याला वाटतं आपलीच बोटं चुकतात. बोटं दुखतात ती वेगळीच. तपासायचं असेल, तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहा. पातळ कागद जेमतेम सरकावा एवढी फट ठीक. त्याहून स्पष्ट फट दिसली तर खाच उथळ आहे. फट अजिबात नसेल आणि मोकळी तार खरखरत असेल, तर खाच जास्त खोल गेली आहे.

आता आवाजाच्या पोताबद्दल. नट बदलला की गिटारचा सगळा आवाज बदलतो, असं विकणारे सांगतात. हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे. तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलं की तार त्या फ्रेटपाशी संपते. तिच्या कंपनाशी नटाचा थेट संबंधच उरत नाही. नटाचा परिणाम ऐकू येतो तो मोकळ्या तारांवर. मऊ, पोकळ प्लास्टिकचा नट कंपनातली ऊर्जा शोषतो, हाड किंवा पितळ ती बरीचशी तारेतच परत पाठवतं. त्यामुळे मोकळ्या तारेचा सूर जरा जास्त टिकतो आणि जरा स्वच्छ येतो. फरक खरा आहे, पण खाचेच्या आकाराने पडणारा फरक त्याहून मोठा असतो.

इथे तानपुऱ्याची जवारी आठवते. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा मुद्दाम हलका वक्र घासलेला असतो. कंप पावणारी तार त्यावर टेकत-सुटत राहते, तिची वाजणारी लांबी क्षणोक्षणी बदलते आणि वरचे स्वर झळाळून उठतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या वाद्यांवर लिहिताना एक विलक्षण गोष्ट नोंदवली. तार जिथे छेडली, त्या जागेवरून जे वरचे स्वर नियमाने गायब असायला हवेत, तेसुद्धा जवारीमुळे ऐकू येतात. मिरजेचे कारागीर ती वक्रता कानाने घासून साधतात. गिटारच्या नटाला नेमकं याच्या उलट हवं असतं. तार खाचेच्या पुढच्या, फ्रेटबोर्डकडच्या कडेवरूनच सुटली पाहिजे आणि तिथून खाच कीच्या दिशेने उतरती असली पाहिजे. खाच सपाट किंवा उलटी उतरती झाली, तर तार मागे कुठेतरी टेकते, पुढच्या भागावर घासते आणि मोकळी तार सतारीसारखी झणझणते. सतारीत ते सौंदर्य आहे. गिटारमध्ये सूरही थोडा उतरतो, कारण तारेची लांबी वाढलेली असते.

पदार्थ निवडताना मी हाड किंवा पीटीएफई मिसळलेला कृत्रिम नट घेईन. पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, रॉय प्लंकेट यांना १९३८ साली अनपेक्षितपणे सापडलं. त्याचा घर्षणांक नेहमीच्या घन पदार्थांत सर्वांत कमींपैकी आहे, म्हणून ट्रेमोलो फार वापरणाऱ्याला ते सोयीचं. हाड टणक असतं, बारीक घासता येतं आणि खाचांच्या भिंती गुळगुळीत होतात. फ्लॉइड रोझ यांनी १९७९ साली पेटंट घेतलेल्या व्यवस्थेत तार नटापाशी स्क्रूने आवळूनच टाकतात. सरकायला जागाच नाही, म्हणून घर्षणाचा प्रश्नही नाही. पण त्यासाठी गिटार तशीच बनलेली असावी लागते.

नट बदलण्याआधी एक स्वस्त उपाय करून पाहावा. तार बाजूला सारून ४बी किंवा ६बी पेन्सिलचं शिसं खाचेत घासायचं. ग्राफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात, पण त्याला हवेतल्या बाष्पाची गरज असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खूप उंचावर उडणाऱ्या विमानांच्या विद्युत यंत्रांमधले ग्राफाइटचे ब्रश भराभर झिजू लागले, तेव्हा हे ध्यानात आलं : कोरड्या, विरळ हवेत ग्राफाइट वंगण राहत नाही. खाडीकाठच्या आपल्या हवेत त्याला बाष्पाची ददात नाही. याच बाष्पाची दुसरी बाजू अशी, की पावसाळ्यात तारा गंजून खरखरीत होतात आणि खाच कानशीसारखी झिजवतात. जून ते सप्टेंबर वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, खाचेच्या जागी जरा जास्तच.

बदलायचाच ठरला, तर जुना नट काढताना पहिलं काम पात्याने त्याच्याभोवतीचं लॅकर कापायचं, नाहीतर रंगाचा टवका निघतो. मग लाकडी ठोकळा टेकवून छोट्या हातोडीने हलके टोले द्यायचे. जागेतला जुना गोंद पूर्ण साफ झाला पाहिजे. नवा नट बुडाशी सपाट बसला नाही, तर कोणताही महागडा पदार्थ उपयोगाचा नाही. जाडी व्हर्नियरने मोजून घ्यावी, कारण फेंडर धाटणीच्या नटाची जाडी ३ मिलिमीटरच्या थोडी वर असते आणि गिब्सन धाटणीचा त्याहून बराच जाड. गोंदाचे दोन थेंब पुरेत. तारांचा ताणच नटाला दाबून ठेवतो, आणि पुढे कधी काढायचा झाला तर निघालाही पाहिजे.

खरा वेळ जातो तो खाचांना. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते, आणि खाच तारेपेक्षा अगदी किंचित रुंद ठेवायची. अंतरं तारांच्या मध्यांमध्ये समान न ठेवता तारांच्या मधल्या मोकळ्या जागा समान ठेवायच्या, नाहीतर जाड तारा एकमेकींच्या अंगावर आल्यासारख्या वाटतात. गुंडाळलेली तार निम्मी खाचेत आणि निम्मी वर राहावी. शेवटी शेवटी दोन घासे मारायचे, तार बसवून सुरात आणायची, फट पाहायची, पुन्हा दोन घासे. हाडाची भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून मास्क हवाच. खाच जास्त खोल गेलीच, तर तिच्यात खाण्याचा सोडा भरून सायनोअॅक्रिलेट गोंदाचा थेंब टाकतात. सोडा अल्कधर्मी असल्याने गोंदाचं बहुवारिकीकरण क्षणात होतं आणि दगडासारखा थर तयार होतो. त्यात नवी खाच कापता येते. चालचलाऊ आहे, पण बरेच महिने टिकतं.

कानशींचा संच एका गिटारसाठी विकत घेणं परवडत नाही, म्हणून बहुतेकांनी हे काम कारागिराकडे द्यावं असं मला वाटतं. देताना तुम्ही कोणत्या जाडीच्या तारा वापरता ते आवर्जून सांगा, जमलं तर तोच संच सोबत द्या. दहाच्या, म्हणजे ०.०१० इंचापासून सुरू होणाऱ्या, संचासाठी कापलेल्या नटावर पुढे अकराचा संच चढवला, तर जीची तार ०.०१७ ची ०.०१८ होते, खाच तिला चिमटीत धरते आणि नवा नट असूनही जुनंच दुखणं परत येतं. अशा वेळी नट पुन्हा बदलायचा नाही, खाचा तेवढ्या रुंद करून घ्यायच्या.